रोजनिशी : नाताळातलं बेंगळूर, गर्दीला बगल देऊन

१८ डिसेंबर २०२५

कॅम्पात दारादारावर कागदी तारे लटकायला लागले की बेळगावात हा विषय निघतोच : यंदा ब्रिगेड रोडची रोषणाई बघायला बेंगळूरला जायचं. आणि तारीख ठरते ती हमखास २४ नाहीतर ३१. बघण्यासाठी याहून वाईट दिवस नाहीत.

साधं कारण आहे. दिवे महिनाअखेरपर्यंत तेच असतात, माणसं मात्र दोन रात्रींत कोंबली जातात. चर्चमधल्या गव्हाणीचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, तर उलटंच. २४ आधी गेलात तर मेंढपाळ, गुरं, मारिया, योसेफ सगळे दिसतील, पण मधलं गवत रिकामं. बाळ येशूची मूर्ती २४च्या मध्यरात्रीच्या मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी ठेवतात. तिथून पुढे ६ जानेवारीपर्यंत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, गव्हाणी जागेवर असते. म्हणजे २५ नंतर गेलेल्याला जास्त बघायला मिळतं, तेही धक्के न खाता.

यंदा २५ला गुरुवार. शुक्रवारची रजा टाकून चार दिवसांची सुट्टी करणारे खूप. बेंगळुरात नोकरीला असलेली आपली पोरं २४च्या रात्री बेळगावकडे सुटतात आणि २८च्या रात्री परततात. २८ला इकडून तिकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. २५च्या रात्री निघणारा मात्र लोंढ्याच्या उलट दिशेने जातो.

१९ डिसेंबर

गाडीचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ही तिकिटं दिवाळीच्या फराळाबरोबरच काढायला हवी होती. आता उरतं तत्काळ : आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १०ला, स्लीपरसाठी ११ला. ऑनलाइन काढणार असाल तर खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आजच बघा. १० वाजून २ मिनिटांनी ओटीपीची वाट बघत बसलात तर गाडी गेली म्हणायची.

बेळगावातूनच सुटणाऱ्या रात्रीच्या एक्स्प्रेसचा पर्याय आधी तपासावा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आधीच्या गावांतून भरत येते. १० ऑगस्ट २०२५ला सुरू झालेली वंदे भारत पहाटे निघून दुपारी पोचवते, पण बुधवारी ती नसते आणि यंदा २४ डिसेंबर नेमका बुधवार.

(कित्तूरच्या राणीच्या नावाच्या गाडीत बसायचं आणि संगोळ्ळी रायण्णांच्या नावाच्या बेंगळूर स्टेशनावर उतरायचं. दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. सहाशे किलोमीटर जाऊनही जिल्हा सुटत नाही.)

बसने गेलात तर मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्थानकापर्यंत, बसून राहू नका. नेलमंगलपासून पुढे सकाळची वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात. गोरगुंटेपाळ्याला उतरावं आणि ग्रीन लाइनची मेट्रो धरावी. रेल्वेवाल्यांनाही यशवंतपूरला हीच लाइन मिळते. मॅजेस्टिकला बदलून पर्पल लाइन घेतली की एमजी रोड.

सामान क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप हवं. बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. चेनवाल्या पिशवीला कुलूप लागत नाही म्हणून कित्येक जण दिवसभर ती खांद्यावर घेऊन फिरतात.

२० डिसेंबर

आपल्याला गर्दीची सवय आहे, असं बेळगावकर छातीठोक सांगतो. शिवजयंतीचे चित्ररथ आणि अनंत चतुर्दशीची रामलिंगखिंड गल्ली बघितलेल्याला ब्रिगेड रोडची काय भीती! पण मिरवणुकीतली गर्दी एका दिशेने सरकते, रथ पुढे गेला की मागची पुढे येते. ब्रिगेड रोडवर माणसं दोन्हीकडून येतात आणि मध्येच सेल्फीसाठी थांबतात. एक घोळका थांबला की मागचे त्याला वळसा घालतात, समोरचेही घालतात, आणि अर्धा किलोमीटरच्या रस्त्यावर चार गाठी बसतात. ३१ला पोलिस चालणाऱ्यांनाही एकाच दिशेने सोडतात ते यासाठीच.

चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की आपण चालत नाही, आपल्याला नेलं जातं. ओळखायची खूण अशी : दोन्ही बाजूंनी खांदे लागायला लागले आणि खाली वाकून बूट बांधता येईनासा झाला, की फोटो राहिला तरी चालेल, निघायचं. थेट मागे फिरायचं नाही, प्रवाहाबरोबर तिरकं तिरकं कडेला सरकायचं. हात छातीसमोर घ्यायचे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेला मोबाइल उचलायला वाकायचं नाही. ४ जून २०२५ला चिन्नस्वामी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. ते स्टेडियम इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

चपला नकोत, मागचा टाचेवर पाय देतो आणि पट्टा तुटतो. बाबागाडी तर नकोच. पोरांच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने नंबर लिहावा. चुकामूक झाली तर भेटायची जागा ‘मोठ्या झाडाखाली’ अशी ठरवू नये, झाडं दहा असतात आणि सगळे तिथेच थांबलेले असतात. मेट्रो स्टेशनचं एक ठरावीक दार ठरवावं.

२१ डिसेंबर

सकाळ चर्चसाठी, संध्याकाळ दिव्यांसाठी. उलटं केलं तर दोन्ही हुकतं.

शिवाजीनगरचं सेंट मेरीज बॅसिलिका कब्बन पार्क स्टेशनपासून ऑटोने दोनेक किलोमीटर. गॉथिक बांधणीची सध्याची इमारत १८८२ची, बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने मान दिलेल्या चर्चचा, दर्जा १९७४चा. इथे मारियेच्या मूर्तीला साडी नेसवतात. आपल्या बायकांना रंग, काठ, निऱ्या बघण्यात रोषणाईपेक्षा जास्त रस वाटेल, आणि तो योग्यच आहे. मिस्सा चालू असेल तर मागे उभं राहावं, फोटो नंतर. जवळच १९२७ साली बांधलेलं रसेल मार्केट आहे.

संध्याकाळी पावणेसहाला एमजी रोड स्टेशनात. प्रसाधनगृह तिथेच उरकून घ्या, पुढे सोय नाही म्हणा ना. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नंतरचा अर्धा तास आभाळ गडद निळं असतं, तेवढ्यात दिवे बघून घ्यायचे. काळ्या आभाळापुढे माळा नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या येतात. मोबाइलच्या पडद्यावर दिव्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढावा. नाइट मोड गर्दीत निरुपयोगी, माणसं धुरासारखी पुसट येतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर एलईडी लुकलुकण्याचा तो दोष आहे : आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५०वर ठेवला की पट्टे जातात.

वाट अशी : ब्रिगेड रोड, तिथून चर्च स्ट्रीटला वळायचं, साडेसातशे मीटरवर सेंट मार्क्स रोड, आणि पुढे सेंट मार्क्स कॅथेड्रल. १८१२ साली बांधून झालेल्या या चर्चचा घुमट लंडनच्या सेंट पॉल्सच्या धर्तीवर आहे, त्याच्यापुढे दुकानांची रोषणाई मला तरी थिल्लर वाटते. परत एमजी रोडला यायचंच नाही, कब्बन पार्क स्टेशन धरायचं. साडेसातपर्यंत तिथे पोचलात तर बसायला जागाही मिळेल.

मेट्रोचं सर्वांत लांबचं भाडं ९० रुपये. माणशी एक स्मार्ट कार्ड, त्यात २०० टाकून ठेवा. गर्दीत नेटवर्क बसतं आणि क्यूआर तिकीट उघडत नाही, यूपीआयही फिरत राहतं. त्यासाठी पन्नास-शंभरच्या नोटा वेगळ्या खिशात.

२२ डिसेंबर

केकची यादी आली. प्लम केक घ्या, सुकामेव्याचा, घट्ट. रात्रभराच्या प्रवासात त्याला काही होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी तो मुरतो. क्रीमचा केक वाटेतल्या हावेरीच्या आधी बसतो, डबा कितीही सरळ धरला तरी. रोझ कुकीज (फुलाच्या आकाराच्या, तळलेल्या) घेतल्याच तर स्टीलच्या डब्यात आणि वरच्या बर्थवर, खाली ठेवल्या की भुगा होतो. आणि जाताना कुंदा न्यायला विसरू नका, तिकडे ज्यांच्याकडे आंघोळ करायची त्यांची तेवढीच अपेक्षा असते.