खाडीत आधी पाण्याची वाट

नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात निसर्गसंवर्धनाचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते : यंदा रोहित पक्षी किती आले आणि खारफुटी कुठे तोडली गेली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते त्यांच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारतच नाही. ठाणे खाडीत रोज दोनदा भरतीचे पाणी आत येते आणि दोनदा ओहोटीला बाहेर जाते, आणि इथल्या सगळ्या जीवसृष्टीचा पाया या ये-जा करण्यावर उभा आहे. ती चालू असेल तर तोडलेली तिवरेही (इथल्या खारफुटीतली मुख्य झाडे) बऱ्याचदा पुन्हा उगवतात. ती थांबली तर एकही कुऱ्हाड न चालवता उभे जंगल वाळून जाते.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ पाहायला वेळापत्रक लागत नसे. तिथीला पाऊणने गुणायचे, की तास मिळतात : अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, एवढा फरक धरला की हिशेब आजही जमतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. उधाणाच्या भरतीचे पाणी ज्या खाजणापर्यंत (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीपर्यंत) पोहोचते, तिथे भांगाच्या दिवसांत ते फिरकतही नाही, आणि कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती वाढणार हे बऱ्याच अंशी याच फरकावर ठरते.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राकडून खाडीकडे गेले, की तिवराचे एखादे पान उन्हात निरखून पाहावे. त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण हे झाड मुळांतून आत आलेले जास्तीचे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. खाली चिखलातून पेन्सिलीएवढी जाड मुळे सरळ वर आलेली असतात. खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ओहोटीला उघडी पडणारी ही मुळे थेट हवेतून तो घेतात. मध्येच कोणी बांध घातला आणि पाणी आतच साचून राहिले, तर ही श्वसनमुळे सतत बुडालेली राहतात आणि झाड गुदमरते. उलट पाणी आत येणेच बंद झाले, तर बाष्पीभवनामुळे मातीतला खारेपणा झाडाला सोसवेनासा होतो. दोन्ही प्रकारांत मरण हळूहळू येते. त्यामुळे गुन्हा कधी घडला हे नंतर सिद्ध करणे अवघड जाते, आणि ज्यांना जमीन मोकळी हवी असते त्यांना हे चांगले ठाऊक असते.

झाडाची गळलेली पाने थेट खाणारे प्राणी थोडेच. बरीचशी पाने बुरशी आणि जिवाणू कुजवतात. त्या कुजक्यावर खेकडे, कोलंबीची पिल्ले, गोगलगायी आणि कृमी जगतात, त्यांच्यावर निवट्या, बोय, शिंगाळा, आणि पुढे बगळे, घारी व माणूस. या साखळीत कुजके इकडून तिकडे पोहोचवण्याचे काम भरती-ओहोटीचे पाणी करते. मुळांच्या जंजाळात वाढलेली पिल्ले पुढे मोकळ्या पाण्यात जातात, त्यामुळे खारफुटीचे नुकसान मासेमाराच्या जाळ्यात लगेच नाही, पण काही हंगामांनी नक्की दिसते.

रोहित पक्ष्यांची कथा थोडी वेगळी. लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खातो आणि त्याचा गुलाबी रंगही या खाद्यातूनच येतो. १९९० च्या दशकापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि अलीकडे काही वर्षी ही संख्या लाखाच्या वर गेली. मात्र शैवालाच्या या सुबत्तेमागे आपल्या शहरांच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदाचाही हात असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा पक्षी आले म्हणजे खाडी निर्मळ आहे, हे समाधान जरा जपूनच बाळगावे.

ओहोटीला हे पक्षी उघड्या चिखलाच्या मैदानांत चरतात. भरतीला ती मैदाने बुडाली की ते नेरुळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींत विसाव्याला येतात. म्हणजे त्यांना दोन्ही जागा लागतात, आणि त्या पाणथळींत खाडीचे पाणी पोहोचायला हवे. रस्त्याखालची एक मोरी बुजली तरी तलाव काही महिन्यांत आटतो किंवा त्यावर शेवाळाचा जाड थर चढतो. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण विसाव्याच्या काही जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. नकाशावरची रेषा पक्ष्यांना कोण समजावणार?

धारण तलावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर सखल नवी मुंबईत पाणी शिरू नये, म्हणून शहर वसवताना हे तलाव बांधले गेले. पुढे त्यांत गाळ साचला आणि गाळावर खारफुटी उगवली. आता गाळ काढावा तर झाडे जातात, आणि न काढावा तर तलावात पाणी मावत नाही. खारफुटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा पेच टाळू नये असे मला वाटते. पुराची भीती खरी आहे. मात्र तिच्या आडून सरसकट सफाई होऊ नये, यासाठी कुठे किती गाळ काढायचा हे प्रत्येक तलावाचे मोजमाप करूनच ठरायला हवे.

कायद्याची बाजू तुलनेने स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात, जमिनीची मालकी कोणाचीही असो, खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. मनाईत भराव टाकणे आणि पाणी अडवणेही येते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

वृक्षारोपणाच्या उत्साहाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मोकळा चिखल पाहून तिथे खारफुटीची रोपे लावण्याची कल्पना सुचते, छायाचित्रेही छान येतात. पण तो चिखल ओसाड नसतो. ते रोहित, तुतवार आणि इतर पाणपक्ष्यांचे चरण्याचे रान असते. बांधामुळे जिथले जंगल सुकले, तिथे बांध फोडून पाण्याला वाट दिली तर बिया भरतीबरोबर आपोआप येऊन रुजतात. यात समारंभ करण्यासारखे काही नसते, म्हणून ते कमी होते.

पाणथळींविषयीच्या तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तक्रार कुठेही करा, पण तीत तोडलेल्या झाडांच्या छायाचित्रांबरोबर उधाणाच्या भरतीला काढलेले मोरीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र तारीख-वेळेसह जोडा. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन दिसली, तर वाट कुठे अडली आहे हे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.