सादळलेला चिरूट

गोव्यात मांद्र्याला मामाच्या घरी पोचून सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी सकाळी मामीनं कपाट उघडलं, नाकाला पदर लावला आणि माझी लाकडी पेटी दोन बोटांत धरून बाहेर आणली. "बघ मरे, तुझ्या चिरुटांना बुरशी आलीय. आता माझ्या साड्यांना येईल."

हा गेल्या वर्षीच्या जुलैतला प्रकार. पेटीत पाच चिरूट होते. (मित्र सिगार म्हणतात, मला लहानपणी कानावर पडलेला चिरूट हाच शब्द बरा वाटतो. मूळ तमिळ सुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं. वस्तूचं वर्णन शब्दातच आहे.) निकाराग्वाचे रोबुस्तो, मित्रानं परदेशातून आणून दिलेले. रोबुस्तो म्हणजे साधारण पाच इंच लांब आणि पन्नास नंबर जाडीचा. हा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. एक ओढायला पाऊण तास ते तास जातो. मी वर्षाला पाच-सहाच ओढतो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, तेव्हा ह्या सवयीची वकिली मी करणार नाही. पण जे पाच-सहा ओढायचे ते तरी धड ओढता यावेत एवढीच अपेक्षा.

पाचही फुगले होते. दोघांचं वरचं पान उभं तडकलं होतं आणि आणखी एकाच्या पेटवायच्या टोकाला हिरवट-निळी लव धरली होती. मित्राला फोन केला तर म्हणाला, "पांढरं आहे का? मग ते प्लूम, मुरलेल्या चिरुटावरची भुकटी, चांगलं लक्षण." पांढरं नव्हतं, आणि लव ती लवच. वरच्या पानावर थोडी असती तर पुसून घेतली असती. टोकाला दिसते तेव्हा आतल्या पानांतही गेलेली असू शकते. तीन फेकले. उरलेले दोन पुसून, वाळवून ओढले, तर तोंडात डांबराच्या गोळ्यांची चव. मामीच्या कपाटात साड्यांमध्ये त्या गोळ्या असतात हे मला आधी सुचायला हवं होतं. तंबाखू शेजारचा वास तुपासारखा ओढून घेतो.

चूक कपाटाची नव्हती, माझी होती. पेटीच्या झाकणात मी ओला स्पंज बसवला होता. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. तिथे स्पंज लागतोच, नाहीतर पंधरा दिवसांत वरचं पान कांद्याच्या सालीसारखं कुरकुरायला लागतं. चिरुटांच्या साठवणीबद्दल जे काही वाचायला मिळतं, तेही बहुतेक थंड, कोरड्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांना ओल आत घालायची असते. आर्द्रता 65 ते 70 टक्के, तापमान 18 ते 21 अंश, हा त्यांचा पाढा मी घोकला होता. पण जुलैच्या कोकणात हवा नव्वदच्या घरात असते आणि ओल बाहेर ठेवायची असते, हे त्या पाढ्यात कुठेच नव्हतं. मी बुडणाऱ्याला पाणी पाजत होतो.

त्याच दिवशी दुपारी जेवताना मामी म्हणाली, "मीठ हातानं घे, चमच्याला येणार नाही." बरणीत आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ होतं आणि त्याला पाणी सुटलेलं. हे दृश्य लहानपणापासून पाहिलंय, पण त्या दिवशी डोक्यात दिवा लागला. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचा काटा, तपासायची जी सर्वांत सोपी रीत आहे, ती मिठाचीच: बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, थेंब-दोन थेंब पाणी घालून ओलसर करायचं, काट्यासकट बंद पिशवीत ठेवायचं. बारा तासांनी काटा 75 दाखवायला हवा. बंद जागेत ओलं मीठ हवेला त्या आकड्यावर आणून ठेवतं. म्हणजे उलटही खरं. उघड्या बरणीतलं मीठ पाझरायला लागलं की समजायचं, स्वयंपाकघरातली हवा पंचाहत्तरच्या वर गेली. (आगराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते थोडं आधीच पाझरतं. पण माझ्या कामापुरतं पुरे.) मामीच्या ओट्यावर चाळीस वर्षं हायग्रोमीटर होता आणि मी पुण्याहून बॅटरीवरचा घेऊन आलो होतो.

यंदा परत जुलैतच गेलो. मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सुट्टी तेव्हाच मिळाली. ह्या वेळी तयारी नीट केली, आणि त्यातही एकदा घसरलो.

निघायच्या बरेच दिवस आधी सहा चिरूट पिशवीतली हवा काढून, दुहेरी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 वर तीन दिवस ठेवले, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. कारण तंबाखूचा भुंगेरा. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि 25 अंशांच्या वर, दमट हवेत ती फुटतात. चिरुटाला सुई टोचल्यासारखं भोक दिसलं की कारभार आटोपला. अळीनं आतून खाल्लेलं असतं आणि तिचा भुंगेरा होऊन बाहेर आलेला असतो. गोव्यात जुलैच्या रात्रीसुद्धा पारा 24-25 च्या खाली फारसा जात नाही. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलं तर पान तडकतं, म्हणून मधला फ्रिजचा मुक्काम.

लाकडी पेटी घरीच ठेवली. लाकूड श्वास घेतं, पुण्यात तो गुण, मांद्र्यात दोष. त्याऐवजी रबरी पट्टीचा, चारही बाजूंनी खटके लागणारा काचेचा डबा घेतला. हुशारी इथेच नडली. ओल बाहेर ठेवायची म्हटल्यावर मी बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या सगळ्या पुड्या गोळा करून डब्यात टाकल्या. तीन दिवसांनी काटा 48 वर. एक कापून पाहिला तर कात्रीखाली चुरमुऱ्यासारखा आवाज आला, आणि ओढला तर वीस मिनिटांत जळून गेला, शेवटी जीभ पोळली. कोरडा चिरूट भरभर जळतो, तापतो आणि कडू होतो. पुड्या काढल्या आणि बोवेडा कंपनीची, ओल 62 टक्क्यांवर राखणारी दोन पाकिटं टाकली. ह्या पाकिटात क्षाराचं संपृक्त द्रावण असतं. हवा कोरडी असली तर पाणी सोडतं, दमट असली तर पितं. तत्त्व मामीच्या मिठाचंच, फक्त क्षार वेगळा, म्हणून आकडा वेगळा. 62 मुद्दाम घेतलं, 69 नाही. डबा उघडला की गोव्याची हवा आत शिरणारच, तेव्हा खालून सुरुवात केलेली बरी. पाचांना परत ताळ्यावर यायला निघेपर्यंतचे दिवस लागले. घाई केली की बाहेरचं पान आधी फुगतं, आतलं मागे राहतं, आणि तडा जातो.

प्रवास गाडीनं. विमानाचा विचारही नव्हता. लायटर आणि काडेपेटी तिथे चालत नाहीत. निपाणीला चहाला थांबलो. बिडीच्या तंबाखूचं हे जुनं बाजाराचं गाव. डबा मागच्या सीटखाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. डिकीत नाही, कारण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीची भट्टी होते. आंबोलीच्या घाटात काच खाली केली तर ढग आत आला. बाहेरच्या काट्यानं 95 दाखवलं, डब्यातल्यानं 63. मला इतका आनंद झाला की मी तो बायकोला दाखवला. तिनं नुसतं "हं" केलं.

मांद्र्यात डबा मामीच्या कपाटात नाही, तर मामाच्या एसीच्या खोलीत, पलंगाखाली. तिथेही धोका होताच: पावसात वीज जाते, एसी बंद-चालू होतो, खोली थंड-गरम होत राहते. पण डब्याची काच जाड आणि झाकण घट्ट, त्यामुळे तो फरक आत पोचेपर्यंत वीज परत यायची. दिवसातून एकदाच उघडायचा, तोही एसी चालू असताना, आणि एकच काढायचा. मामा डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचा, "झालं काय रे तुझं देवदर्शन?"

साठवण जमली, तरी चिरूट कुठे बसून ओढायचा हा प्रश्न सुटेना. घरात नाही, मधल्या राजांगणात तुळस आहे, तिच्यासमोर मामी धूर होऊ देणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. पणजीला एका संध्याकाळी चौकशी केली. तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते, पण जी सापडली ती म्हणजे काचेचं कपाट होतं. दहा जणांच्या सिगारेटींचा शिळा धूर. परत आलो.

मग समुद्र. आपल्या मनात गोवा म्हणजे किनारा आणि हातात चिरूट, असं एक चित्र असतं. जुलैत मांद्र्याच्या किनाऱ्यावर शॅक नसतात, जूनच्या आधीच उतरवलेले असतात. असतो तो नैर्ऋत्येचा वारा. काडेपेटीतल्या काड्या सादळलेल्या, गुल नुसता चोळला जायचा. लायटरची ज्योत आडवी. अकराव्या प्रयत्नात पेटला तो एकाच अंगानं. वाऱ्याकडची बाजू सरसर जळत गेली, दुसरी कच्ची राहिली, आणि चिरुटाची होडी झाली. राख शर्टावर, वाळू दातांत. वाऱ्यात चिरूट तापतो, मग कितीही जपून ठेवलेला असो, त्याची चव जळक्या पुठ्ठ्याची. अर्ध्यावर टाकला. सहातले दोन असे वाया.

तोडगा शेजारी निघाला. शेजारचे तियू, म्हणजे काका, जुने तारवटी, तीस वर्षं जहाजांवर काढलेले. त्यांच्या घराला पुढे बाल्कांव आहे, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायचे सोपे, वर कौलं. मला छत्री सावरत किनाऱ्यावरून येताना पाहून म्हणाले, "दर्यार कोण ओढता रे? हांगा बस." आणि बसल्यावर लक्षात आलं. त्यांचा बाल्कांव पूर्वेला तोंड करून आहे. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, तो अख्ख्या घराच्या पाठीवर आपटतो. पुढे पोचतो तो फक्त पागोळ्यांचा आवाज. समोर पाऊस पडत असताना काडीची ज्योत सरळ उभी राहिली. काडीसुद्धा त्यांचीच: डालड्याच्या जुन्या डब्यात भाजलेले तांदूळ आणि त्यांत खोचलेल्या काडेपेट्या. "जहाजार अशेंच दवरताले," म्हणाले. जहाजावर असंच ठेवायचे.

त्यांनी काजू फेणी पुढे केली. एक घोट घेऊन मी ती बाजूला ठेवली. माझं मत असं की काजू फेणीचा वास शेजारी दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. चिरूट तिच्यापुढे मुका होतो. माडाची फेणी एक वेळ चालेल. सर्वांत चांगला लागला तो कोरा, कमी साखरेचा चहा. तियूंना हे पटलं नाही.

तो चिरूट पन्नास मिनिटं चालला. राख दीड इंच धरून होती, राखाडी, घट्ट. जळण्याची कड गोल. पहिल्या तिसऱ्या भागात मिऱ्याचा तिखटपणा होता, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी आलं, आणि डांबराच्या गोळ्या कुठेच नाहीत. पोर्तुगिजांनी तंबाखू ह्याच किनाऱ्यावरून देशात आणला म्हणतात. त्यांच्याच धाटणीच्या बाल्कांवात तो ओढताना मला काही ऐतिहासिक वगैरे वाटलं नाही, फक्त पाठीला वारा नाही ह्याचं सुख वाटलं. तियू जहाजावरच्या एका आचाऱ्याची गोष्ट सांगत होते, ती अर्धी कळली. बेडूक सुरू झाले.

उरलेल्या तिघांपैकी दोन तिथेच ओढले, एक तियूंना दिला.

निघायच्या आदल्या दिवशी मामीनं काचेचा डबा रिकामा पाहिला आणि आतलं पाकीट उचलून उलटसुलट केलं. "हे ओल खातं ना? दे मला. पापडाच्या डब्यात टाकते, तळलेले पापड तासाभरात सादळतात."

मी सांगितलं, मामी, ते हवा बासष्टवर ठेवतं, बासष्टला तर पापड मऊच पडतील. उलट हे ओल सोडेलसुद्धा. तुला सिलिकाच्या पुड्या हव्यात, त्या मी पुण्याहून पाठवतो.

तिनं पाकीट परत डब्यात टाकलं. "साधा पापड राखता येत नाही, आणि म्हणे महागाचं."