मोगऱ्याला उपाशी ठेवायचं असतं

माझं माहेर चिपळूण. तिथे बाग "करतात" असं मला कधी वाटलंच नाही, भिंतीवरसुद्धा काहीतरी हिरवं उगवतं, उलट ते वाढू नये म्हणून कोयता घेऊन मागे लागावं लागतं. लग्न होऊन सोलापूरला आले ती अनंत, अबोली आणि सोनचाफ्याचं कलम असं सगळं एसटीत मांडीवर घेऊन. सोनचाफा एप्रिल संपायच्या आत गेला. अनंताला कळ्या भरपूर यायच्या, पण फुलायच्या आधीच तपकिरी होऊन गळायच्या, कारण त्याला हवेत ओलावा लागतो आणि इथे उन्हाळ्यात हवेत ओलावा म्हणजे फक्त कुलरसमोर. अबोली मात्र जिन्याखालच्या सावलीत चिवटपणे टिकली, अजून आहे.

वर्षभरात सहाशे-सातशे मिलिमीटर पडला की सोलापूरकर "यंदा चांगला झाला की" म्हणतात. चिपळूणला तेवढा जुलैच्या एका जोरदार आठवड्यात येतो. मेमध्ये गच्चीवर दुपारी अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी पाचला हौसेनं पाइप घेऊन थेट झाडांना पाणी मारलं, पाइपात दिवसभर तापलेलं पाणी, म्हणजे जवळपास चहाचं आधणच. पुदिना जागेवर शिजला. आता पहिलं पाणी बादलीत काढते, ते गार झाल्यावर वापरते. नळ काही रोज येत नाही त्यामुळे ओतून टाकायचा प्रश्नच नाही.

पण माझी खरी चूक मोगऱ्यापाशी झाली. सासूबाईंचा मोगरा तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. मी कोकणातली, मला झाड तहानलेलं बघवत नाही, म्हणून थंडीतसुद्धा रोज तांब्याभर पाणी. पानं अशी हिरवीगार झाली की काय सांगू, आणि फुलं? मोजून अकरा. सासूबाई डब्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, किती पाणी घालायलीस? त्याला उपाशी ठेवायचं असतं. माजलंय ते."

पुढच्या जानेवारीत डबा त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतला. आधी दोन आठवडे पाणी जवळजवळ बंद. मग वरची चार बोटं माती उकरून बाजूला काढली, मुळांना ऊन दाखवलं, उरलीसुरली पानं हातानं ओरबाडली आणि कात्रीनं फांद्या निम्म्यावर आणल्या. मला वाटलं संपला मोगरा, नुसत्या काड्या उरल्या होत्या. मग कुजलेलं शेणखत दोन ओंजळी, माती परत सारखी केली, आणि पोटभर पाणी. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक काडीला लालसर कोंब आले, आणि मोगऱ्याची कळी येते ती या नव्या फुटीच्या शेंड्याला. हे मला तेव्हा कुठे कळलं, म्हणजे मी आधी जुनी फांदी पोसत बसले होते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा मोहर तोडायला गच्चीवर गेलो (शेजारच्यांचं झाड, फांदी आमच्या हद्दीत!) तेव्हा पहिल्या कळ्या दिसल्या, आणि एप्रिलभर मी रोज फुलं वाटतेय अशी परिस्थिती.

तेव्हापासून मी चिपळूणची बाग इथे करायचा नाद सोडला. लिंबू आणि कढीपत्ता अर्ध्या ड्रममध्ये आहेत, मधोमध गळ्यापर्यंत पुरलेला कोरा माठ, रंग दिलेला नाही, नाहीतर झिरपत नाही. भरून वर झाकण ठेवायचं, डासांसाठी. मुळं बरोब्बर माठाला बिलगतात. एकदा माठ फुटला म्हणून काढला तर बाहेरून बारीक मुळांची जाळी, अगदी स्वेटर घातल्यासारखी. मातीवर कडब्याचे तुकडे पसरते, मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारा जिल्हा आमचा, कडब्याला तोटा नाही. बाजारातल्या त्या चकचकीत पांढऱ्या दगडांपेक्षा शंभर पटीनं बरं, दगड तापतात आणि रात्री दहापर्यंत झाडाला भाजत राहतात.

हिवाळ्यात आम्ही बार्शी रोडला नान्नजला जातो. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, 1979 सालचं. माळढोक मी अजून एकदाही बघितलेला नाही आणि आता आशाही फारशी धरत नाही. लोक म्हणतात तिथे आहे काय, नुसतं वाळलेलं गवत. अहो पण ते गवत बघा ना! सकाळी सातच्या उन्हात अख्खा माळ सोनेरी, त्यात काळवीट मान वर करून उभा, आणि चंडोल सरळ वर चढत जातो आणि गात राहतो, दिसेनासा झाला तरी आवाज येतो. माहेरी मला झाडं ओलांडून लांबचं कधी दिसलंच नव्हतं.

परतताना सगळ्यांच्या सॉक्समध्ये कुसळं. काढताना बोटं सोलवटतात, मी वैतागले होते, लेकीनं मात्र एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतला पाण्याचा एक थेंब टाकला. त्याच्या शेपटीला दोरीसारखा पीळ असतो, तो ओला झाला की सुटायला लागतो आणि कुसळ आपोआप गोल फिरतं. हातावर अक्षरशः गुदगुल्या. पहिल्या पावसात ते असंच फिरत फिरत टोकानं मातीत घुसतं, कुणी पेरायला नको. शाळेत हे कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, पण जाऊ दे.

त्यातलंच एखादं सॉक्समधून गच्चीवर पडलं असणार. यंदा जूनचे दोन पाऊस झाले आणि कढीपत्त्याच्या ड्रममध्ये माठाच्या कडेला गवताची तीन पाती आली. मी उपटायला हात घातला तर लेक ओरडली. सासूबाई चष्मा लावून वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, "राहू दे की. ह्याला कुठं पाणी घालावं लागतंय."