जुन्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलंय? आधी चाकं फिरवून बघा

बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ... ॲव्हरेज पडलं की लोक थेट इंजिनच्या इंजेक्शन पंप-नोझलच्या खर्चात शिरतात. थांबा. आधी मोजा: टाकी फुल, डिझेल भरणारी नोझल पहिल्यांदा कट झाली की बस. तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पेट्रोलपंपावर पुन्हा तसंच. ४१२ किमीला ३८ लिटर म्हणजे लिटरला १०.८ किमी. डिझेलच्या काट्यावर विश्वास नको.

किनारपट्टीवर पहिला संशय ब्रेकवर. खाऱ्या हवेनं कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना गंजतात, पॅड डिस्कला घासत राहतो. पंधरा किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हात न्या. एखादं चाक जास्त तापलेलं असेल तर तेच डिझेल पितंय. जॅकवर उचला, न्यूट्रलमध्ये हातानं फिरवा. अडलं तर पिना काढून पॉलिश पेपरनं साफ करा आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम! मागं हँडब्रेकची केबलही गंजून परत सुटत नाही, ती बघा.

मग एअर फिल्टर. तांबड्या धुळीनं तो लवकर चोंदतो. काळा धूर दिसला तर आधी हाच, मग टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) फाटका पाइप.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची गॅरेजवाल्यांची खोड मात्र वाईट. इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त जातं. कशेडी घाट उतरताना तापमानाचा काटा तळाला बसत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा काढलाय. घाट गिअरमध्येच उतरा, न्यूट्रलमध्ये नाही.