एकट्याचे आठ!

आज संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चक्क विंडो सीट मिळाली. मग काय, मोबाईलवर जुनी मॅच लावली. २४ नोव्हेंबर २०१९, जपानची दुसरी डिव्हिजन, काशिवा रेसोल विरुद्ध क्योटो सांगा. शेजारचे काका मान तिरकी करून बघत होते. स्कोअर दिसला तसे म्हणाले, "१३-१? हॉकी आहे का?"

नाही काका, फुटबॉलच. आणि त्यातले ८ गोल एकट्याचे. काशिवाकडून खेळणारा केनियाचा मायकेल ओलुंगा. उंचापुरा, ताडमाड, पण गोलपोस्टसमोर चेंडू आला की गडबड नाही, नुसता पाय लावून मोकळा.

नैरोबीचा हा मुलगा इंजिनिअरिंग शिकता शिकता खेळत होता. मग स्वीडन, चीन, स्पेन. २०१८ साली तिथल्या जिरोना क्लबसाठी ला लिगात (स्पेनची सर्वात वरची लीग) हॅटट्रिक मारली, तरी तिथे फार टिकला नाही. (असं का होतं, देव जाणे!) जपानमध्ये मात्र २०२० साली वरच्या लीगमध्ये २८ गोल आणि मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर. पुढे कतारचा अल-दुहैल क्लब.

सहावा गोल बघताना काकांनी स्वतःच मोबाईल जवळ ओढला. बोरिवली गेलं, त्यांना तिथेच उतरायचं होतं.