संत्र्याच्या साइटवर जुगाराचं पान: प्लगइनच्या एक्सएसएसमधून साइट सोडवली तो माझा अनुभव

मी वरूड तालुक्यातला. गावात आमचा संत्रा उत्पादकांचा गट आहे, त्याची वेबसाइट मीच वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) बनवली आणि मीच सांभाळतो. साइटवर फार काही नाही, बगीच्यांची माहिती, फोटो आणि व्यापाऱ्यांसाठी चौकशीचा फॉर्म, त्यात नाव, गाव, मोबाइल आणि किती टन माल पाहिजे एवढंच. पण अंबिया बहाराच्या दिवसांत त्या फॉर्मवरून लांबलांबचे व्यापारी येतात, म्हणून गटातल्या लोकांचा त्या साइटवर जीव आहे आणि माझाही.

मागच्या वर्षी ऐन तोडीत शेजारच्या काकांचा सकाळीच फोन, "बापू, तुह्या साइटवर संत्रा पाहाले गेलो तं जुगाराचं पान उघडून रायलं, हे काय होय?" मी लॅपटॉपवर पाहिलं, सगळं ठीक. मग त्यांच्या घरी जाऊन त्यांचा मोबाइल हातात घेतला तर खरंच येत होतं. नंतर कळलं की घुसलेला कोड लॉगिन असलेल्या माणसाला काही दाखवतच नव्हता, आणि मी तर दिवसभर लॉगिनच असतो.

पहिले साइट बंद केली आणि आहे त्या अवस्थेतला बॅकअप काढून ठेवला, म्हणजे काय झालं ते नंतर शोधता येईल. मग युजर्सची यादी उघडली. अ‍ॅडमिन मी दोनच बनवलेले, तिथं तीन होते. पोटात गोळाच आला, कारण त्याच साइटवर आमच्या शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आहेत, ते त्यांनी माझ्या भरवशावर दिलेले.

नागपूरला माझा एक मित्र सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला चौकश्यांचा टेबल थेट डेटाबेसमधे पाहा, स्क्रीनवर पाहू नको. पाहिलं तर एका चौकशीत नावाच्या रकान्यात आधी साधं नाव आणि त्याला चिकटून अख्खा स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरला कोड चालवायला सांगणारी खूण, बाहेरच्या कुठल्यातरी डोमेनवरची फाइल बोलावणारा. डॅशबोर्डमधे मला तीच चौकशी साध्या नावाची दिसली होती, कारण टॅग दिसत नाही, चालतो. दुसऱ्याच्या पानात अशी स्क्रिप्ट घुसवून चालवणं, यालाच एक्सएसएस म्हणतात. म्हणजे कुणी माझा पासवर्ड चोरलाच नव्हता. मी अ‍ॅडमिन म्हणून चौकशी उघडली आणि माझ्याच ब्राउझरनं, माझ्याच लॉगिननं, गुपचूप तिसरा अ‍ॅडमिन बनवला. वर्डप्रेसची लॉगिन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) स्क्रिप्टला वाचता येत नाही हे मला माहीत होतं आणि त्यावर मी निश्चिंत होतो, पण कुकी वाचायची गरजच काय, पानावर बसून माझ्या नावानं रिक्वेस्ट पाठवता येते ना. मित्रानं सांगितलं 2005 मधे मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा कोड, असाच पसरला होता, प्रोफाइल पाहणाऱ्याचाच ब्राउझर कामाला लावून एका दिवसात 10 लाखांवर प्रोफाइल.

फॉर्मच्या प्लगइनचं (वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा तुकडा) अपडेट कधीचं येऊन पडलं होतं, त्याच्या चेंजलॉगमधे, म्हणजे बदलांच्या यादीत, सिक्युरिटी फिक्स अशी एक ओळ. मागं एकदा अपडेटनं फॉर्मची मराठी लेबलं बिघडली म्हणून ऑटो-अपडेट मीच बंद करून ठेवलेलं. ही माझी चूक, आणि ती मी गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली.

साफसफाईला तीन रात्री गेल्या, रात्री यासाठी की दिवसा लाइनीचा भरवसा नाही. तिसरा अ‍ॅडमिन उडवला, सगळे पासवर्ड बदलले, कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त कीज बदलल्या म्हणजे जो कुणी लॉगिन असेल तो बाहेर फेकला जातो. वर्डप्रेस आणि प्लगइनच्या फाइली मूळ चेकसमशी (फाइल बदलली की बदलणारा आकडा) ताडून पाहिल्या. त्यात अपलोड्सचं फोल्डर येत नाही, ते हातानं पाहावं लागलं आणि तिथंच संत्र्यांच्या फोटोंमधे एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, सापडली. ती राहिली असती तर बाकी सगळी मेहनत वाया.

मग प्लगइन. 19 होते, 7 ठेवले. बंद करून ठेवलेले पण काढून टाकले, कारण त्यांच्या फाइली सर्व्हरवर पडूनच असतात. ठेवलेला प्रत्येक प्लगइन साइटच्या कॉपीवर तपासला, आणि ही युक्ती कुणालाही जमते: नावाच्या रकान्यात आपलं नाव बोल्ड टॅगमधे लिहून पाठवायचं. अ‍ॅडमिनमधे ते ठळक दिसलं तर प्लगइन आलेला मजकूर बहुधा एस्केप न करता, म्हणजे टॅगचे कंस साधी अक्षरं न बनवता, तसाच पानावर ओततो, तिथं धोका असू शकतो. टॅगचे कंस अक्षरं म्हणून दिसले तर ती जागा ठीक. जुन्या व्हर्जनमधे माझं नाव ठळक आलं, नव्यात कंसासहित आलं. ते पाहिलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

रोजच्या चौकश्या आता मी एडिटर अकाऊंटनं पाहतो, त्याला नवा युजर बनवायचा अधिकारच नाही. अ‍ॅडमिन फक्त अपडेटपुरता, तोही वेगळ्या ब्राउझरमधे. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानावर कुठून आलेल्या फाइली चालू द्यायच्या याचा ब्राउझरला दिलेला नियम, पण लावली, आधी नुसत्या रिपोर्ट मोडमधे (अडवत नाही, फक्त कळवतो), नाहीतर नकाशा आणि फोटोंचा स्लायडर दोन्ही बंद पडले असते. प्लगइन पानातच स्क्रिप्ट लिहितात त्यामुळे अशा इनलाइन स्क्रिप्टला मोकळीक द्यावी लागली, म्हणजे हे कुंपण अर्धंच आहे हे मला माहीत आहे, पण अनोळखी डोमेनवरची फाइल तरी आता येत नाही. ऑटो-अपडेट चालू केलं. लेबलं बिघडली तर पुन्हा लिहीन.

गेल्या महिन्यात तसलीच एक चौकशी परत आली. नावाच्या रकान्यात अख्खी स्क्रिप्ट, कंसासहित, अक्षर न अक्षर वाचता येईल अशी निर्जीव पडलेली. काकांना बोलावून दाखवली. ते चष्मा लावून वाचत राहिले अन् म्हणाले, "हेच होय का ते?" हो म्हटलं, डिलीट केली आणि खालची चौकशी उघडली, भोपाळच्या व्यापाऱ्याची, 4 टन.