ऋतूंचे लेखनोत्सव : यंदाची प्रगती आणि शब्दसंख्येचा हिशेब

आमच्या ऑनलाइन लेखनसमूहात वर्षभरात चार लेखनोत्सव होतात: वसंतात तीस दिवस रोज एक कविता, उन्हाळ्यात शशक म्हणजे शतशब्दकथा, नोव्हेंबरात कादंबरीचा कच्चा खर्डा आणि वर्षअखेरीस एकमेकांसाठी लिहायच्या भेटकथा. यंदा प्रथमच चारही उत्सवांत नाव नोंदवले होते. तिसरा नुकताच आटोपला असल्यामुळे आतापर्यंतची प्रगती येथे मांडत आहे.

कवितांविषयी फार सांगण्यासारखे नाही. तीसपैकी तेवीस लिहून झाल्या, त्यांतील चार पुन्हा वाचाव्याशा वाटतात, आणि दिलेला विषय आदल्या रात्री वाचून ठेवला तर सकाळी ओळ लवकर सुचते, एवढे कळले.

शशकने मात्र पुष्कळ शिकवले. शीर्षक वगळून नेमके शंभर शब्द, एक कमी नाही की एक जास्त नाही, हा तिचा नियम. माझा पहिला खर्डा १३१ शब्दांचा होता आणि त्याची सुरुवात अशी होती: ‘आजोबांच्या खोलीतील भिंतीवर टांगलेले जुने घड्याळ गेल्या अनेक वर्षांपासून बंद पडलेले होते.’ बारा शब्द खर्ची पडूनही वाचकाच्या हाती काहीच लागत नव्हते. तीन संध्याकाळी कापाकापी केल्यावर ते वाक्य ‘आजोबांचे घड्याळ पावणेचारवर थांबले होते’ असे झाले. सात शब्द तर वाचलेच, शिवाय पावणेचारला काय घडले असेल हा प्रश्न उभा राहिला आणि कथेचा शेवट, जो तोवर सापडत नव्हता, त्या प्रश्नातूनच मिळाला.

नोव्हेंबरच्या उत्सवाचे गणित ‘नॅनोरायमो’ (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) या महिनाभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमाकडून आलेले आहे. ख्रिस बेटी यांनी जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात २१ जणांनिशी तो उपक्रम सुरू केला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नेला, आणि ३० दिवसांत ५०,००० शब्द हे उद्दिष्ट जगभर रूढ झाले. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तरी तो महिना आणि तो आकडा आमच्या समूहाने जपला आहे.

या हिशेबाने रोज १,६६७ शब्द हवेत. पहिल्या आठवड्याअखेर ११,६६९ व्हायला हवे होते, माझे ८,२४० झाले होते, आणि वेळ तर ठरल्याप्रमाणे रोज दोन तास दिला होता. घोडे कोठे अडते आहे हे आठव्या दिवशी उमगले. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. ‘घरामागच्या वाटेवरून’ हे दोन शब्द इंग्रजीत मांडायचे तर सहा लागतात. म्हणजे इंग्रजी लेखनासाठी ठरलेला आकडा आपण जसाच्या तसा उचलतो, तेव्हा मजकूर त्याहून बराच अधिक लिहावा लागतो. संख्या वाढावी म्हणून ‘घरा मागच्या’ असे तोडून लिहिण्याचा मोह एकदा झाला, पण शुद्धलेखनाचा बळी देऊन गाठलेल्या आकड्याला अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर शब्द मोजणे बंद करून रोज एक प्रसंग पूर्ण करायचा, असे ठरवले. महिनाअखेर ३८,४१६ शब्द भरले; मुख्य म्हणजे कथानक शेवटापर्यंत पोहोचले, जे गेल्या दोन प्रयत्नांत घडले नव्हते. पुढच्या वर्षी मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ४०,००० शब्दांचे उद्दिष्ट ठेवावे, असे मी समूहाला सुचवले आहे. ज्यांनी दोन्ही भाषांत लिहून पाहिले असेल, त्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा.

आता भेटकथा हाती घेतली आहे. चिठ्ठीत आलेल्या वाचकाने पाऊस, दोन बहिणी आणि न पाठवलेले पत्र अशा तीन गोष्टी मागितल्या आहेत, आणि किमान १,००० शब्दांची अट आहे. ७४० शब्द झाले आहेत. पत्र धाकटीला सापडले आहे. ते तिने उघडावे की तसेच परत ठेवावे, हे अजून ठरलेले नाही.